पाबळच्या माळावरची शाळा

सोलापूरच्या साखर पेठेतून किंवा भद्रावती पेठेतून चालताना अजूनही काही बोळांत यंत्रमागांची खडखड कानावर येते. दारातून आत डोकावले की मागाच्या डोक्यावर बसवलेले जकार्ड दिसते आणि भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची लांबलचक माळ एकेक घर पुढे सरकताना दिसते. भोक आले की ताण्याचा धागा उचलला जातो, भोक नसले की तो खालीच राहतो. एवढ्या दोन शक्यतांच्या जोरावर चादरीवर मोर उभा राहतो, वेलबुट्टी चढते, काठाला फुले येतात. जोसेफ मारी जकार या फ्रेंच माणसाने १८०४ मध्ये ही युक्ती सिद्ध केली. पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी हीच पुठ्ठ्याची कार्डे वापरायचे ठरवले. त्याच बोळातला मुलगा शाळेत संगणकाच्या तासाला ‘शून्य आणि एक’ पाठ करतो. मागापासून बाक दोनशे पावलांवर असतो, पण मागावरचे त्याला बाकावर आठवत नाही आणि बाकावरचे मागावर.

हे अंतर मिटवण्याचा महाराष्ट्रातला सर्वांत चिवट प्रयत्न कुठल्या गिरणगावात झाला नाही. तो झाला पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, पाबळ नावाच्या कोरड्या गावात. तिथल्या विज्ञान आश्रमाचा इतिहास सोलापूरच्या वाचकाने वाचावा असे वाटण्याला कारण आहे. कामाने घडलेले आपल्यासारखे शहर राज्यात दुसरे क्वचितच असेल, आणि तरीही कामाला शाळेत आणण्याची कल्पना आपल्याला बाहेरून शिकावी लागते.

सोलापुरात पहिली कापडगिरणी १८७७ मध्ये सुरू झाली. ‘जुनी मिल’ म्हणून ती ओळखली जाई. पाठोपाठ लक्ष्मी, नरसिंगगिरजी, विष्णू, जाम अशा गिरण्या आल्या. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी हातमाग आणले, मग यंत्रमाग घातले, आणि सोलापुरी चादर व टॉवेल देशभर गेले. या साऱ्या व्यवहारात शिक्षण भरपूर होते, फक्त शाळा नव्हती. गिरणीत नवखा पोरगा जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हाताखाली राही, शिव्या खाऊन शिके. घरात कांड्या भरता भरता मुलींच्या बोटांना सुताचा पीळ कळू लागे. कुठले सूत तुटेल आणि कुठले टिकेल हे सांगणारी बाई निरक्षर असे, तिच्या ज्ञानाचा दाखला कुणी देत नसे. गिरण्यांचे भोंगे एकामागून एक थांबले तेव्हा हजारो माणसे एका दिवसात ‘अकुशल’ ठरली. खरे तर त्यांच्याइतकी कुशल माणसे शहरात दुसरी नव्हती. कागद मात्र त्यांच्यापैकी फार थोड्यांकडे होता.

शाळेत हाताचे काम असावे की नाही, हा वाद पाबळच्याही शंभर वर्षे आधीचा. १८८२ मध्ये हंटर आयोग शिक्षणाची पाहणी करत होता. १९ ऑक्टोबरला जोतीराव फुल्यांनी आयोगापुढे आपले निवेदन ठेवले. प्राथमिक शाळेत मोडी, बालबोध, हिशेब यांच्याबरोबर शेतीची प्राथमिक माहिती आणि आरोग्याचे धडे असावेत, अशी त्यांची मागणी होती. गावच्या मुलाला गावातच उपयोगी पडेल असे काही शिकवा, एवढा तिचा साधा अर्थ. आयोगानेही हायस्कुलात दोन वाटा कराव्यात असे सुचवले, एक विद्यापीठाकडे नेणारी आणि दुसरी व्यापार-उद्योगाकडे. पहिल्या वाटेवर झुंबड उडाली, दुसरीवर गवत वाढले. योगायोग असा, की त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सोलापुरात वालचंद हिराचंद जन्मले. जहाजे, विमाने आणि मोटारी या तिन्हींच्या कारखान्यांच्या पायाशी ज्यांचे नाव आहे, ते वालचंद या दुसऱ्या, ओसाड वाटेवरून गेले नव्हते. ती वाट तोवर नीट आखलीच गेली नव्हती.

मग आला वर्ध्याचा प्रयोग. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि सात वर्षांचे, मातृभाषेतले, एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफलेले शिक्षण असा आराखडा पुढे आला. त्याला ‘नई तालीम’ म्हणतात. टकळीवर सूत काढताना गणित, कापसावरून भूगोल, रंगावरून रसायन. कागदावर ही कल्पना देखणी होती आणि सेवाग्रामात आर्यनायकम दाम्पत्याने ती मनापासून राबवलीही. पण इतर अनेक ठिकाणी तिची टकळीच उरली. निघालेले सूत कुणाला हवे होते म्हणून काढलेले नसे, ते तपासणीला येणाऱ्या साहेबांना दाखवण्यासाठी असे. जे काम कुणाला नको आहे ते मुलेही मन लावून करत नाहीत. त्यांना फसवणूक फार लवकर कळते.

दुसरी अडचण जास्त खोल होती. हाताचे काम म्हटले की या देशात जात आठवते. १९५३ मध्ये मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजाजींनी प्राथमिक शाळेचा दिवस कापला. अर्धा वेळ वर्गात, उरलेला वेळ घरच्या धंद्यात, अशी ती योजना. विरोधकांनी तिला ‘कुलकल्वी’, म्हणजे कुळाचे शिक्षण असे नाव दिले. कुंभाराच्या पोराने कुंभारच व्हायचे आणि वकिलाच्या पोराने घरी बसून वकिली शिकायची, असा तिचा सरळ अर्थ लोकांनी लावला. राज्यभर विरोध झाला, १९५४ मध्ये राजाजी पायउतार झाले, कामराज आले आणि योजना मागे घेतली गेली. सोलापुरातल्या विणकर घरांना ही भीती समजावून सांगायला नको. मागाच्या खड्ड्यातून मुलाला वर काढण्यासाठीच तर बापाने त्याला शाळेत घातलेले असते. तिथेही माग पुढे केला, तर तो दप्तर घेऊन परत येईल.

१९६४ ते १९६६ या काळात बसलेल्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ हा शब्द दिला. आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ असे लांब नाव सुचवले. नावे वाढली, तास कमी झाले. कार्यानुभवाचा तास म्हणजे काय, हे महाराष्ट्रात शिकलेल्या कुणालाही विचारावे: क्रेप कागदाची फुले, बाटलीवर चिकटवलेले मणी, परीक्षेच्या आदल्या रात्री आईने शिवून दिलेला रुमाल. शाळेजवळच्या दुकानात तयार वस्तू मिळू लागल्या तेव्हा त्या तासातले कार्यही गेले आणि अनुभवही.

नाईक यांनी १९४८ मध्ये स्थापन केलेली भारतीय शिक्षण संस्था पुढे पुण्यात स्थिरावली. १९८१ मध्ये नाईक गेले. त्यानंतर दोन वर्षांनी, १९८३ मध्ये, याच संस्थेचे एक केंद्र म्हणून पाबळमध्ये विज्ञान आश्रम सुरू झाला. त्या वेळी संस्थेची धुरा चित्रा नाईक यांच्याकडे होती. अहवालात राहून गेलेला एक शब्द अशा रीतीने माळरानावर आला.

तो आणणारे डॉ. श्रीनाथ शेषगिरी कलबाग शिक्षक नव्हते. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून त्यांनी अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट घेतली, म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेत काम केले आणि नंतर मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात बरीच वर्षे काढली. १९८२ मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर, त्यांनी स्वेच्छेने निवृत्ती घेतली आणि पत्नी मीराताईंसह गावाची वाट धरली. त्यांचा अंदाज साधा होता. माणूस मूळचा शिकतो तो बघून, करून आणि चुकून; शाळेने यातले ‘करून’ काढून टाकले आणि ‘चुकून’ला शिक्षा ठेवली. खेड्यातल्या मुलाला विज्ञान जमत नाही असे ज्यांना वाटते त्यांनी त्याला विज्ञान कधी हातात दिलेलेच नाही.

पाबळच का? या गावात खास असे काही नव्हते, हीच त्याची पात्रता. पुण्यापासून साठेक किलोमीटर दूर, पाऊस बेताचा, जमीन मुरमाड, जवळ कारखाना नाही, मोठे धरण नाही. पाबळचे नाव लोक ओळखतात ते मस्तानीच्या समाधीमुळे, आणि समाधी काही रोजगार देत नाही. जे इथे जमेल ते महाराष्ट्रातल्या शेकडो गावांत जमू शकेल, असा कलबागांचा हिशेब होता. सुपीक गावात यशस्वी झालेल्या प्रयोगाला टीकाकार लगेच म्हणतात, तिथे काय, पाणी आहे. पाबळला तसे म्हणायची सोय नव्हती.

नावातही विचार होता. ‘विज्ञान’ सत्य शोधण्यासाठी आणि ‘आश्रम’ साधेपणाने राहण्यासाठी. पण पहिल्यांदा येणाऱ्याला आश्रम शोधावा लागे, कारण समोर दिसे ते एक वर्कशॉप. वेल्डिंगची निळी ठिणगी, अँगल कापणारी करवत, गोठ्याचा वास, कोपऱ्यात शिलाईयंत्र. इथे निवासी राहून वर्षभर शिकायला येणारी बरीच मुले शाळेने सोडलेली किंवा शाळा सोडलेली होती. प्रवेशाला आठवीपर्यंतचे शिक्षण पुरे. या वर्षाच्या अभ्यासक्रमाला मूलभूत ग्रामीण तंत्रज्ञानाची पदविका म्हणतात आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने तिला मान्यता दिली आहे.

अभ्यासक्रमाचे चार विभाग आहेत: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य आणि शेती-पशुपालन. मुलाला यातला एक निवडू दिला जात नाही, सगळे करावे लागतात. राजाजींच्या योजनेला आणि पाबळला वेगळे करणारी गोष्ट हीच, आणि ती नजरेतून सुटण्यासारखी आहे. बागायतदाराचा मुलगा इथे शिलाईयंत्रावर बसतो, रक्तगट तपासायला शिकतो, चिक्की करतो. मुलगी डोळ्यावर काच धरून वेल्डिंग करते, वीट रचते, घराची वायरिंग ओढते. बापाचा धंदा कोणता, हे विचारायची गरजच पडत नाही. काम सगळ्यांना वाटून दिले की त्यातली जात पातळ होते. पूर्ण जाते असे म्हणायचे धाडस कुणी करू नये.

वर्ध्याच्या टकळीला जे साधले नव्हते ते पाबळने गिऱ्हाइकावर सोपवले. इथले बरेच काम गावातल्या कुणीतरी सांगितलेले आणि पैसे देऊन घेतलेले असते. शेतकऱ्याला फाटक हवे असते, गोठ्यावर पत्रे हवे असतात, पंपाची वायर जळालेली असते. फाटक नीट बसले नाही तर शिक्षक लाल शाई काढत नाही, शेतकरी ते परत आणतो. काम झाल्यावर मुलाने खर्चाचा कागद भरायचा: लोखंड किती किलो, वेल्डिंगच्या कांड्या किती, वीज किती, मजुरी किती, यंत्राचा घसारा किती. मध्यमवर्गीय घरात मोठा झालेला पदवीधर ‘घसारा’ हा शब्द पहिल्यांदा आयकर भरताना ऐकतो. पाबळच्या पोराला तो सोळाव्या वर्षी कळतो, कारण ड्रिलचे बिट झिजले की त्याचीच फाटकाची किंमत चुकते.

पाण्याचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. विहीर कुठे खणावी, बोअर कुठे घ्यावी, हे पाणाडी नारळ हातात धरून सांगे. आश्रमातल्या मुलांनी जमिनीचा विद्युतरोध मोजणारे उपकरण हाती घेतले. चार सळया एका ओळीत जमिनीत ठोकायच्या, बाहेरच्या दोनमधून विद्युतप्रवाह सोडायचा, आतल्या दोनमधला दाब मोजायचा. सळयांमधले अंतर वाढवत नेले की खोलवरच्या थरांचा अंदाज येतो. कोरडा कातळ वीज अडवतो, ओला थर तिला वाट देतो. म्हणजे ओहमचा नियम, पण पाठ्यपुस्तकातल्या दोन रेघांऐवजी शेतकऱ्याच्या बांधावर. दहावीला विज्ञानात नापास झालेला मुलगा तिथे आकडे घेतो, आलेख काढतो आणि शेतकऱ्याला सांगतो, इथे खणू नका. शेतकरी फी देतो. चुकले तर शिव्याही देतो. दोन्ही अभ्यासक्रमाचाच भाग म्हणायचे.

घुमटाची गोष्ट अशीच. अमेरिकेत बकमिन्स्टर फुलर यांनी लोकप्रिय केलेला, त्रिकोणांनी बनलेला घुमट पाबळने उचलला आणि गावच्या वर्कशॉपमध्ये बनवता येईल असा सोपा केला. लोखंडी पट्ट्या ठराविक लांबीच्या कापायच्या, टोके दाबून भोके पाडायची, नटबोल्टने त्रिकोण जोडत जायचे, वरून जाळी आणि सिमेंटचा गिलावा. आत एकही खांब नाही. पट्टीची लांबी दोन-तीन मिलिमीटरने चुकली तर शेवटचा त्रिकोण बसत नाही, म्हणून मोजमापाला पर्याय नाही. चौकोनी सांगाडा ढकलला की वाकडा होतो, त्रिकोणी होत नाही, हे भूमितीच्या तासाला फळ्यावर सिद्ध करता येते. इथे चढून, हलवून पाहता येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा सोलापूरही हादरले होते. जड दगडमातीच्या भिंतींखाली माणसे गेल्याचे त्या दिवसांत प्रत्येकाने पाहिले किंवा ऐकले. हलके आणि हादरे सोसणारे घर म्हणजे काय, हा प्रश्न त्यानंतर मराठवाड्यात आणि आपल्या जिल्ह्यात चर्चेचा झाला.

जीपचे जुने सुटे भाग वापरून आश्रमात छोटा ट्रॅक्टरही तयार झाला, त्याला ‘मेकबुल’ म्हणतात. लहान शेतकऱ्याला मोठा ट्रॅक्टर परवडत नाही आणि बैलजोडी पोसवत नाही, या दोन्हींच्या मधली जागा तो भरू पाहत होता. त्याची कंपनी होऊन देशभर विक्री झाली, असे काही घडले नाही. पण गॅरेजच्या कोपऱ्यात गंजत पडणाऱ्या गिअरबॉक्सकडे पाहून त्यातून नांगर ओढता येईल असे सुचायला जी नजर लागते, ती तिथे तयार झाली.

निवासी वर्ग हा आश्रमाचा एक भाग. दुसरा, संख्येने मोठा भाग म्हणजे गावोगावच्या माध्यमिक शाळांत शिकवला जाणारा विषय. त्याचे नाव मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख, शाळेत सगळे ‘आयबीटी’ म्हणतात. आठवी ते दहावी, आठवड्यातून एक दिवस, तेच चार विभाग. राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने त्याला मान्यता दिली आणि दहावीच्या गुणपत्रिकेत त्याचे गुण येऊ लागले. बाहेरून पाहणाऱ्याला ही किरकोळ प्रशासकीय बाब वाटेल. शाळेत काम केलेल्या कुणालाही विचारा, सारा खेळ या एका रकान्याचा आहे. ज्या कामाला मार्क नाहीत ते पालकांच्या लेखी खेळ. मार्क आले की तेच काम अभ्यास होते, आणि मुख्याध्यापकही वर्कशॉपसाठी खोली शोधू लागतात.

अडचणी तिथूनच सुरू होतात. बी.एड. झालेल्या शिक्षकाला वेल्डिंग येत नाही, आणि वेल्डिंग येणाऱ्याकडे बी.एड. नसते. पाबळने दुसऱ्याला वर्गात आणले. गावातला गवंडी, इलेक्ट्रिशियन, शिवणकाम जाणणारी ताई, आश्रमात शिकून बाहेर पडलेला तरुण, हे निदेशक झाले. कर्मचारीवर्गाच्या खोलीत त्यांची खुर्ची कुठे, हा प्रश्न मात्र कुठल्याच परिपत्रकाने सोडवलेला नाही. दुसरी अडचण खर्चाची. इतिहासाच्या तासाला खडू पुरतो, इथे दर आठवड्याला सिमेंट, कांड्या, बियाणे, कापड लागते. यंत्रे देणगीत मिळतात, कांड्या मिळत नाहीत. अशा कितीतरी शाळांत कुलूपबंद खोलीत नवीकोरी यंत्रे धूळ खात पडलेली दिसतील. त्यामागे बहुधा हेच कारण असते.

तिसरी अडचण पालकांची, आणि ती खोटी नाही. ‘नापासांचा विषय’ असा शिक्का बसायला वेळ लागत नाही. हुशार मुलाने विज्ञान-गणित करावे आणि बाकीच्यांनी करवत धरावी, अशी विभागणी शाळा नकळत करतात. पाबळच्या चार विभागांनी जात पातळ केली तरी गुणवत्तेची ही उतरंड शाळेत नव्याने उभी राहते. म्हणून हा विषय सर्व मुलांना द्यावा, निवडक मुलांना देऊ नये, असा आग्रह आश्रमाशी जोडलेली माणसे धरत आली आहेत. पुण्यातल्या लेंड-अ-हँड इंडिया या संस्थेने आयबीटी अनेक शाळांत नेले. पुढे केंद्राच्या कौशल्य चौकटीत या विषयाला बहुकौशल्य अभ्यासक्रमाचे रूप मिळाले. नाव बदलले, रकाना बदलला, पण आठवड्यातला तो एक दिवस टिकून राहिला.

२००२ मध्ये एक अनपेक्षित पाहुणा आला. बोस्टनजवळच्या एमआयटीत नील गर्शनफेल्ड यांनी ‘जवळजवळ काहीही कसे बनवावे’ अशा नावाचा वर्ग चालवला होता. विद्यार्थ्यांनी त्याला एवढी गर्दी केली की संगणकावर चालणारी कापणी-कोरणीची यंत्रे सामान्य माणसाच्या हाती दिली तर काय होईल, असा प्रश्न त्यांना पडला. त्यातून ‘फॅब लॅब’ जन्मली. एमआयटीच्या बाहेर सुरू झालेल्या पहिल्या फॅब लॅबपैकी एक पाबळमध्ये आली. विद्यापीठाला खेड्याला शिकवायचे होते असे नाही, त्यांना कलबागांकडे जे चालले होते ते पाहायचे होते. गर्शनफेल्ड यांच्या २००५ मधल्या ‘फॅब’ या पुस्तकात पाबळ आणि कलबाग येतात. जिथे गोठ्याचे फाटक बनत होते तिथेच आता इलेक्ट्रॉनिक सर्किट कोरले जाऊ लागले. प्रश्न मात्र जुनेच होते: दुधाची प्रत कशी तपासावी, इंजिनाचे टायमिंग कसे जुळवावे.

३० जुलै २००३ रोजी डॉ. कलबाग गेले. वीस वर्षे त्यांनी पाबळला दिली होती. अशा संस्था संस्थापकाबरोबर संपतात, हा आपल्याकडचा नेहमीचा अनुभव. आश्रम मात्र चालू राहिला. डॉ. योगेश कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांनी तो चालवला, वाढवला. स्मारक न उभारता फॅब लॅबमध्ये रोजचे काम होत राहिले.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या काळात कधीतरी मुलांसाठी दहा दिवस ‘दप्तराविना’ ठेवायला सांगितले आहेत. या दिवसांत मुलांनी सुतार, कुंभार, माळी यांच्याजवळ जाऊन बसावे. दहा दिवस म्हणजे वर्षाच्या शाळेचा विसावा भागही नाही, पाबळच्या हिशेबाने तर फारच थोडे. पण सोलापूरच्या शाळेला ते दहा दिवस कुठे घालवायचे हा प्रश्न पडू नये. मागांकडे, अशोक चौकाकडे वळावे.

तिथे सुताची लडी हातात घ्यावी. सुताला नंबर असतो. वीस नंबर म्हणजे काय? ८४० यार्डांची एक लडी, अशा वीस लड्यांचे वजन एक पौंड. चाळीस नंबर म्हणजे त्याच एक पौंडात चाळीस लड्या. नंबर वाढला की सूत बारीक, हा उलटा हिशेब विणकराच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ असतो आणि आठवीच्या वर्गात ‘व्यस्त चलन’ नावाने अवघड जातो. तराजू आणि मोजपट्टी घेऊन बसलेल्या चाळीस मुलांना लडीचा नंबर काढायला अर्धा तास पुरेल. नंतर टॉवेलचा खर्च मांडता येईल: सूत, रंग, वीज, मजुरी, घसारा. विणणाऱ्याच्या हातात शेवटी किती उरले, हा रकाना त्यांनी विणकरालाच विचारून भरावा.

मग मागाच्या डोक्यावरच्या जकार्डकडे वळावे. आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेरीला एक कार्ड. एका इंचात चाळीस फेऱ्या असतील आणि मोराचे नक्षीकाम दहा इंचांनी पुन्हा सुरू होत असेल, तर कार्डे चारशे. मुलांनी मोजावीत, एखाद्या कार्डाचा फोटो घेऊन भोक म्हणजे एक आणि कोरी जागा म्हणजे शून्य असे लिहून काढावे. यातले एक कार्ड चुकून उलटे बांधले गेले तर काय होईल, असे कुणीतरी विचारीलच. विणकर माग थांबवून चादर वर उचलेल आणि मोराच्या मानेजवळची एक रेघ बोटाने दाखवेल.